भरलेली दाढ

पूर्णिमाचं लग्न निपाणीच्या दातांच्या डॉक्टरशी ठरलं, तेव्हा बोरगावच्या त्या गल्लीत सगळ्यांत जास्त आनंद झाला तो शेजारच्या शालूबाईला. "मालू, आता आमच्या दातांची काळजी मिटली बग," असं म्हणून तिनं पूर्णिमाच्या आईच्या, मालुबाईच्या तोंडात साखरेची चिमूट कोंबली. गल्ली सगळी मागवाल्यांची. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू, त्यामुळं इथं माणसं साधं बोलतानाही ओरडूनच बोलतात. शालूबाईचा आवाज तर दोन मागांना भारी. बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचवायला वेगळं कुणाला जावं लागलं नाही.

मालुबाई मूळची बेळगावच्या वडगावातली, विणकराची लेक. बोरगावात परसूच्या घरी आली आणि माहेरचा हातमाग सुटून सासरचा यंत्रमाग गळ्यात पडला. परसू शेडमध्ये माग बघायचा, ही दाराशी बसून सुताच्या कांड्या भरायची. दोन लेकरांपैकी थोरला लहानपणीच गेला, उरली ती पूर्णिमा. तिला मात्र तिनं कधी कांडीला हात लावू दिला नाही. पोरगी शिकली, बी.कॉम. झाली, आणि निपाणीच्या सिद्धेशचं स्थळ आलं. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. त्या घरात पहिला डॉक्टर झालेला तोच. बोलायला मऊ, कपडे पांढरेस्वच्छ, आणि सासूला वाकून नमस्कार करणारा. मालुबाईला आणखी काय पाहिजे होतं?

लग्नानंतरच्या पहिल्याच माहेरपणात पूर्णिमाच्या लक्षात आलं, की आई डाव्या बाजूनंच घास चावते. उजवीकडची वरची मागची दाढ किडली होती. पूर्णिमानं तिला निपाणीला नेलं आणि सिद्धेशनं स्वतःच्या हातानं दाढ साफ करून त्यात सिमेंट भरलं. काळं नव्हे, दाताच्या रंगाचं. आरशात बघितलं तर कुठं भरलंय ते कळू नये. किडीचं भोक शेजारच्या दाढेकडच्या फटीतून आत गेलं होतं, म्हणून जरा वेळ लागला, असं तो म्हणाला. बाहेर दहा माणसं खोळंबली होती, तरी त्यानं सासूला घाई दाखवली नाही. निदान तिला तरी तसं वाटलं.

त्यानंतर मालुबाईनं जावयाचं कौतुक किती केलं, याला सुमार नाही. कुणाची दाढ ठणकली की ती म्हणायची, "चल, माझ्या पूर्णीकडं जाऊ." आधार कार्ड दाखवून बसमध्ये फुकट बसायचं, निपाणीला उतरायचं, दवाखान्यात पूर्णिमाच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत ही ऐटीत बसणार आणि आत शालूबाई नाहीतर आणखी कुणी. पूर्णिमा दवाखान्याचं सगळं बघायची. नंबर लावणं, औषधं समजावून सांगणं, दाताचा फोटो काढायचा असला तर कॉम्प्युटरवर तो लावून देणं. लेकीला तसं खुर्चीत बसलेलं बघताना मालुबाईला आपला जन्म कारणी लागल्यासारखा वाटायचा.

त्रास सुरू झाला तो हळूहळू. आधी नुसतं अन्न अडकायचं. भाकरीचा कण, मेथीचं पान, मटणाची तार, जे काय खाईल ते त्या भरलेल्या दाढेच्या आणि शेजारच्या दाढेच्या मधे जाऊन बसायचं. मग हिरडी दुखायला लागली. चूळ भरली की रक्त. आपल्या तोंडाला वास येतोय हे तिला स्वतःलाच कळायचं, आणि बोलताना ती पदर तोंडाशी धरायला लागली. शेडमध्ये सुताला काय तोटा? कोनावरचं सूत तोडायचं, दुमडायचं आणि फटीतून ओढायचं. इतर दातांतून सूत जसं जायचं तसं बाहेर यायचं. इथं मात्र आत जाताना जायचं आणि बाहेर येताना कशाला तरी अडकून पिंजून निघायचं.

तिनं जावयाला सांगितलं. त्यानं छोटा आरसा आत घालून बघितलं.

"मामी, मिस्री लावता न्हवं अजून?"

मालुबाई खाली बघायला लागली. मिस्री ती लग्नाच्या आधीपासून लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी बोटावर घेऊन दातांवर फिरवायची. आई लावायची, बहीण लावायची, या गल्लीतली पन्नाशीच्या पुढची एकही बाई अशी नव्हती की जी लावत नव्हती.

"त्यानंच हिरड्या सुजल्यात," सिद्धेश म्हणाला. "मिस्री सोडा, सगळं नीट हुईल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच. मिस्री वाईट, हे आता सगळेच सांगतात. मालुबाईनं घरी येऊन मिस्रीचा डबा उकिरड्यावर रिकामा केला. पहिले काही आठवडे तिचे तिलाच माहीत. सकाळी पोट साफ होईना, डोकं जड, कांड्या भरताना हात थरथरायचे, परसूवर उगाच खेकसायची. शालूबाई समोर बसून बोट फिरवायची तेव्हा हिच्या तोंडाला पाणी सुटायचं. पण जावयानं सांगितलंय म्हटल्यावर तिनं दात आवळून धरले. त्या वासाची ओढ जायला उन्हाळा सरावा लागला.

ओढ गेली, रक्त गेलं नाही. दाढेमागची हिरडी तशीच फुगलेली, दाबली की पू यायचा. पुढच्या खेपेला सिद्धेश म्हणाला, फोटो काढू. पूर्णिमानं आईच्या तोंडात ती वायरची चकती धरली, मशीन टिकटिकलं, आणि दोघं नवराबायको पडद्यापुढं वाकून बघायला लागले. मालुबाई खुर्चीत आडवी पडलेली, तोंडावर दिवा. दोघं इंग्रजीत बोलत होते. पूर्णिमाचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, काहीतरी 'ओव्हर' आणि 'हँग' असं. त्यावर सिद्धेश म्हणाला, "बघू नंतर." परसूचा मोबाईल हँग व्हायचा तेव्हा तोही असाच वैतागायचा. मालुबाईला वाटलं, कॉम्प्युटर अडकला असेल.

"काय दिसलं गं?" तिनं उठताना विचारलं.

"काही नाही आई. हिरडी खराब झालीय तुझी."

"मिस्री तर सोडली की मी."

पूर्णिमा तिच्याकडं न बघता हातमोजे काढत होती. "सोडलीस म्हणतीस. लपून लावत असशील. शालूमावशीच्या संगतीत बसलीस की राहवतंय व्हय तुला?"

बाहेर बाकावर माणसं बसली होती. त्यातल्या एकीनं हसून बघितलं. मालुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "तुझ्या गळ्याशपथ." पूर्णिमानं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

तिथून पुढं मालुबाईनं दाढेचं गाऱ्हाणं घेऊन निपाणीला जाणं बंद केलं. सणासुदीला जायची, एव्हाना पूर्णिमाला मूल झालं होतं, त्या नातवंडाचं काही लागलं तर जायची, पण तोंडाचा विषय निघाला की "बरं हाय" म्हणायची. आपलंच तोंड घाण, आपल्यालाच नीट घासता येत नाही, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. दिवसातून तीनतीनदा ब्रश घासायची. मिठाच्या पाण्यानं, हळदीनं, तुरटीनं, कोण काय सांगेल त्यानं चुळा भरायची. रक्त येतच राहिलं. एव्हाना दाढ जिभेनं ढकलली तर हलायला लागली होती.

वडगावात तिची धाकटी बहीण नागुबाई राहते. तिच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून मालुबाई दोन दिवस आधीच गेली. बारशादिवशी सकाळी उठली तर उजवा गाल टोमॅटोसारखा. पाळण्याच्या दोऱ्या ओढायला हात पुढं केला तर बायका नाव ठेवायचं सोडून हिच्याकडंच बघायला लागल्या. नागुबाईनं बारसं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीचा हात धरून तिला दातांच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

"माझा जावई हाय की," मालुबाई रस्ताभर म्हणत होती. "त्येला काय वाटंल?"

"जावई निपाणीत, गाल हितं," नागुबाई म्हणाली. "गप चल."

तिथं तेजस्वी नावाच्या डॉक्टरबाई होत्या. खानापूरकडच्या. बोलण्यावरूनच कळायचं. त्यांनी तपासलं, फोटो काढला आणि पडदा मालुबाईकडं वळवला. आजवर कुणी पडदा तिच्याकडं वळवला नव्हता.

"मावशी, ही तुमची दाढ. हे पांढरंशुभ्र दिसतंय ते भरलेलं सिमेंट. आता इथं बघा, दाताची कड इथं संपली. सिमेंट संपलं का?"

मालुबाईनं डोळे बारीक केले. सिमेंट दाताच्या कडेच्या बाहेर आलं होतं. भिंतीच्या बाहेर छज्जा यावा तसं, शेजारच्या दाढेच्या बाजूला, हिरडीच्या आत.

"ह्याला आम्ही ओव्हरहँग म्हणतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिमेंट भरताना दाताभोवती पत्र्याची पट्टी लावतात, आणि ती दाताला घट्ट बसावी म्हणून फटीत बारीक पाचर मारतात. पाचर नीट बसली नाही की सिमेंट हिरडीकडून बाहेर सरकतं आणि तिथंच घट्ट होतं. मग त्या छज्ज्याच्या आड अन्न साठतं. कितीही घासा, ब्रश तिथं पोचत नाही. हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. तुमचं हाड बरंच गेलंय."

नागुबाईच पुढं झाली. "म्हंजे डाक्टरनं चूक केली?"

"चूक म्हणजे... मावशी, हे लई ठिकाणी दिसतं आम्हाला. असं फटीत भरलेले दात बघायला गेलं तर बऱ्याच जणांच्यात थोडंफार निघतंच. चांगल्या हाताच्या डॉक्टरांकडूनही होतं. समोरच्या दातांत दिसतं तरी. मागच्या दाढांत, त्यातून वरच्या, दोन दाढांच्या मधल्या बाजूला तर नजरही पोचत नाही आणि हातही. माझ्या हातूनही झालंय. पण फोटोत दिसलं की घासून काढायचं, नाहीतर परत भरायचं. लवकर केलं तर काही बिघडत नाही."

"आनि माझ्या मिस्रीनं?"

"मिस्री लावता?"

"सोडली. दोन वर्सं झाली असतील."

"छान केलंत. मिस्रीनं हिरड्या खराब होतात, खरं आहे. पण मग सगळीकडं झाल्या असत्या. तुमच्या बाकीच्या हिरड्या बघा, कशा घट्ट आहेत. एवढ्या एकाच फटीत हे झालंय, ते ह्या छज्ज्यामुळं."

मालुबाई त्या पडद्याकडं बघत राहिली. ओव्हरहँग. तो शब्द तिच्या कानात कुठंतरी आधीच होता. कुठं ऐकला ते आठवायला तिला वेळ लागला नाही. तोंडावर दिवा, पडद्यापुढं वाकलेली दोन डोकी आणि आपल्या पोटच्या पोरीचा आवाज. कॉम्प्युटर अडकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी हेच बघितलं होतं, हीच दाढ, हाच छज्जा. आणि त्यानंतर लगेच, त्याच खोलीत, पूर्णिमा म्हणाली होती, लपून लावत असशील.

दाढ वाचण्यासारखी नव्हती. डॉक्टरबाईंनी सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि नंतर बोलावून दाढ काढली. काढताना दुखलं नाही. नागुबाई सांगते, की मालू खुर्चीत लहान पोरीसारखी हमसून हमसून रडत होती आणि डॉक्टरबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, दुखतंय का, आणखी इंजेक्शन देऊ का?

परतीच्या वाटेवर मालुबाई निपाणीच्या स्टँडवर उतरली. दुपारची वेळ, दवाखाना बंद. वरच्या मजल्यावर राहतं घर. पूर्णिमानं दार उघडलं, आईच्या गालाकडं बघितलं.

"काय झालं गं? गाल कसला हा?"

"दाढ काढली."

"कुणी?"

"बेळगावात. नागूसंगं गेल्ते."

"आम्हाला न विचारता? आई, घरात डॉक्टर आहे आणि तू..."

"तुमालाच इचारत व्हते की इतकी वर्सं." मालुबाई खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली. "पूर्णे, त्या दिशी माझा फोटू काढलातीस. पडद्यावर बघून तू काय म्हणालतीस?"

"कधी?"

"ओव्हरहँग म्हणालतीस."

पूर्णिमाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला आणि भिंतीला टेकली. नाही म्हणाली असती तरी चाललं असतं, असं मालुबाईला त्या क्षणी वाटलं. मला आठवत नाही, मला कळलंच नव्हतं, असं काहीही. पण पोरगी खोटं बोलली नाही.

"त्यांनी नुकता दवाखाना टाकला होता आई. कर्ज काढून. तुझ्या शब्दावर गल्लीतल्या बायका यायच्या. सासूचीच दाढ बिघडली असं झालं असतं तर कोण आलं असतं? ते म्हणाले, पुढच्या खेपेला घासून देतो. मग तू यायचीच बंद झालीस."

"मी का बंद झाले ते म्हाईत न्हाई तुला?"

पूर्णिमा डोळे पुसायला लागली.

"सिमेंट भाईर आलं, त्येचं मला कायबी न्हाई. ती डाक्टरीन म्हणाली, समद्यांच्या हातनं हुतंय. फोटू बघून बोलला न्हाईसा, त्येबी मी गिळीन. नवऱ्याची अब्रू झाकलीस, बायकोनं झाकायचीच. पर मिस्री? दाढंत काय हाय ते डोळ्यानं बगून, माझ्याकडं वळून म्हणालीस, लपून लावतीस. चार माणसांत. मी तुझ्या गळ्याची आन घेतली. तुला ठाऊक व्हतं की मी खरं बोलतीया."

"आई, त्यांनी आधीच मिस्रीचं म्हटलं होतं. मग मी वेगळं कसं..."

"मी रोज सकाळी उठून माझ्याच तोंडाला शिव्या दिल्या, पूर्णे. माझंच तोंड घाण म्हणून जावयापुढं पदर धरला. तू बगत व्हतीस की."

खालून सिद्धेश वर आला. सासूला जमिनीवर बसलेली आणि बायकोला रडताना बघून तो दारातच थांबला. प्रकरण समजायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याचं तोंड पडलं.

"मामी," तो म्हणाला, "ते कुणाच्याही हातून होऊ शकतं. अगदी मोठमोठ्या..."

"त्या बाईबी त्येच म्हणाल्या," मालुबाई उठत म्हणाली. "तुमच्या नावानं एक वाकडा सबूद काढला न्हाई त्यांनी. तुमीबी मला सांगितलं असतं तर मी तुमच्या नावानं वाकडं बोलले असते व्हय, जावईबापू?"

त्यानं तिला बसायचा आग्रह केला, चहा तरी घ्या म्हणाला, जखम बघू म्हणाला. तिनं चप्पल घातली आणि बोरगावची बस धरली.

घरी परसूनं सगळं ऐकून घेतलं. शेडमधले माग बंद करून ऐकलं, म्हणजे त्यालाही लागलं होतं. पण शेवटी तो म्हणाला, "आता हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे. जावयाची बेअब्रू करून लेकीचा संसार मोडायचा न्हाई."

"शालूचं काय?"

"तिचं काय?"

"तिलाबी मीच नेली. तिच्याबी दाढंत भरलंय. ती आता जेवताना डाव्या अंगानंच चावती, तुमी बगितलं न्हाई."

परसूनं कपाळाला हात लावला. मालुबाई दोन दिवस गप्प राहिली. त्या दोन दिवसांत शालूबाई रोज समोर येऊन बसत होती, बोट फिरवत होती, थुंकताना लाल थुंकत होती आणि म्हणत होती, "ही मिस्री मला खाणार बग. तू बरी सुटलीस." तिसऱ्या दिवशी मालुबाईला ते ऐकवेना. तिनं कांड्यांची पाटी बाजूला सारली आणि सगळं सांगितलं. जावयाचं नाव घेऊन, फोटोचं सांगून, मिस्रीचंही सांगून. लेकीचं तेवढं वगळलं. ते तिच्या तोंडून निघालं नाही.

शालूबाई मिठी मारील, धीर देईल, असं तिला वाटलं होतं की काय कोण जाणे. शालूबाई उठून उभी राहिली. "तूच नेलीस मला," ती म्हणाली. आज तिचा आवाज बारीक होता. "माझा पोरगा म्हणत व्हता कोल्लापूरला जाऊ. मी म्हणाले, मालूचा जावई हाय." आणि ती गेली. मालुबाईनं तिला थांबवलं नाही. शालूला काय वाटतंय, हे या गल्लीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं?

बातमी दडली नाही. काही बायकांनी बेळगाव गाठलं, काही कोल्हापूरला गेल्या. सगळ्यांच्या दाढा बिघडल्या नव्हत्या, हेही खरं. समोरच्या दातांत भरून घेतलेल्या एका सुनेचं काम तर डॉक्टरांनी चांगलं झालंय म्हणून सांगितलं. पण ज्यांच्या मागच्या दाढांत, फटीत भरलं होतं, त्यातल्या काहींच्यात तसाच छज्जा निघाला. शालूबाईच्याही निघाला. तिचा बारीक पट्टीनं घासून काढला, दाढ राहिली. त्या दिवशी ती बोलायला आली नाही, पण दारावरून जाताना थांबली, तोंड उघडून दाढ दाखवली आणि पुढं गेली.

पूर्णिमाचा फोन परसूला आला. ती खूप बोलली. दवाखान्यात माणसं येईनाशी झालीत, सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नाही, सख्ख्या आईनं असं केलं. परसू फोन कानाशी धरून नुसता "व्हय, व्हय" म्हणत होता. त्यानं फोन बायकोकडं केला तेव्हा मालुबाईनं हात मागं घेतला.

पंचमीला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या. झोके बांधले, मेंदी काढली, घराघरांतून उकडीचा वास सुटला. पूर्णिमा आली नाही.

पंचमी होऊन बरेच दिवस गेल्यावर सिद्धेश आला. एकटाच, मोटरसायकलवर. मागांच्या आवाजात तो काय बोलतोय ते ऐकू येईना, म्हणून परसूनं माग थांबवले. इतकी शांतता त्या शेडमध्ये क्वचितच असते. सिद्धेश कांड्यांच्या पाटीशेजारी उकिडवा बसला, पँटची इस्त्री मोडली तरी.

"मी सगळ्यांना परत बोलावतोय मामी," तो म्हणाला. "ज्यांच्या ज्यांच्या मागच्या दाढा भरल्यात, त्या सगळ्यांचे फोटो काढणार. जिथं निघंल तिथं नीट करून देणार. शालूमावशींकडं आत्ताच जाऊन आलो. त्यांनी आत घेतलं नाही, पण ऐकून घेतलं." त्यानं पाटीतली एक कांडी हातात घेतली. "घाईत भरलं होतं मी तुमचं. बाहेर लोक होते. पाचर बसली नाही ते मला तेव्हाच कळलं होतं, पण वाटलं, चालतंय. फोटोत बघितलं आणि भ्यालो. चुकलं माझं."

मालुबाईनं त्याच्याकडं बघितलं. पोरगा वाळला होता. तिला त्याचा राग शोधूनही सापडेना. तो परकाच होता. परक्या माणसानं भिऊन लपवलं आणि आता येऊन सांगितलं, एवढंच.

"चा घेनार?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "त्या दाढेच्या शेजारची पण बघायला पाहिजे. तिचंही हाड झिजलं असंल. तुम्ही बेळगावला गेलात तरी चालंल, मला वाईट वाटणार नाही. पण माझ्याकडं आलात तर..."

"यीन," मालुबाई म्हणाली.

त्याच्या तोंडावर एकदम उजेड आला.

"तुमच्या खुर्चीत बसीन मी, जावईबापू. पर पूर्णी आत असंल तवा न्हाई. तिला त्या दिशी घरात ऱ्हाऊ दे."

"मामी, ती रोज रडते."

"रडू दे."

तो आणखी काही बोलणार होता, पण परसूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाहेरपर्यंत सोडायला गेला. दोघं मोटरसायकलपाशी बराच वेळ उभे राहिले.

दिवेलागणीला मालुबाईच्या फोनवर पूर्णिमाचा फोन आला. यावेळी तिनं उचलला.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

पलीकडं नातवंडाचा आवाज येत होता, कुणाशी तरी कशावरून तरी भांडत होतं. मालुबाई ते ऐकत राहिली. मग पूर्णिमा म्हणाली, "ठेवू?" आणि मालुबाई म्हणाली, "ठेव."